आराखड्यात पाणी कुठे आहे?

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, पाठ्यपुस्तकाचे तर आपण शिक्षक वर्षभर करीत असतो. सरकारी आराखड्याचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. तो तयार होतो, मंजूर होतो आणि कपाटात जातो. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा तो 'झाला आहे' याचेच समाधान अधिक असते.

वास्तविक आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा हे एक प्रकारचे शास्त्रीय विधान असते. 'अमुक इतका पाऊस पडला तर पाणी तमुक ठिकाणी इतके चढेल, आणि त्याआधी अमुक व्यक्ती तमुक काम करील' असे ते विधान. जे विधान तपासता येते ते विज्ञानाच्या कक्षेत येते, आणि जे तपासता येत नाही ती केवळ सदिच्छा ठरते. या कसोटीवर आपले आराखडे कसे उतरतात, हे नागपूरच्या उदाहरणावरून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कायद्याचा क्रम

२००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा अस्तित्वात आला. हा कायदा शिक्षकांनी एकदा तरी वाचावा असा आहे. त्याच्या व्याख्येनुसार प्रत्येक संकट ही आपत्ती नसते. ज्या संकटाला तोंड देणे तेथील समाजाच्या आवाक्याबाहेरचे होते, ते संकट म्हणजे आपत्ती. म्हणजेच आपत्तीला दोन बाजू आहेत. एक बाजू निसर्गाची आणि दुसरी आपल्या तयारीची. पाऊस तितकाच पडला तरी तयारी वाढली की आपत्ती लहान होते.

याच कायद्याचे कलम ३१ जिल्हा आराखड्यात काय असावे ते सांगते, आणि त्यातला क्रम बोलका आहे. आधी जिल्ह्यातील धोक्याची ठिकाणे, मग आपत्ती टाळण्याचे व सौम्य करण्याचे उपाय, त्यानंतर पूर्वतयारी, आणि चौथ्या क्रमांकावर प्रत्यक्ष संकटसमयीचा प्रतिसाद. आराखड्याचे दरवर्षी पुनरावलोकन करून तो अद्ययावत करावा, असेही तेथे म्हटले आहे.

प्रत्यक्षात जे आराखडे पाहायला मिळतात त्यांत हा क्रम बहुधा उलटा झालेला असतो. सुरुवातीला जिल्ह्याची सर्वसाधारण माहिती, लोकसंख्या, तालुके. मग समित्यांची रचना. मग अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक, बोटी, दोर, जीवरक्षक जाकिटे, रुग्णवाहिका, निवारा म्हणून वापरायच्या शाळा आणि मंगल कार्यालये यांच्या याद्या. या याद्या निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. संकटाच्या वेळी योग्य क्रमांक हाताशी असणे ही मोठीच गोष्ट आहे. परंतु पुराच्या प्रकरणात माणसे मोजलेली असतात, बोटी मोजलेल्या असतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळे करायचे ते पाणीच मोजलेले नसते.

विद्येचे शहर आणि एक रात्र

नागपूरचे उदाहरण घेण्याला कारण आहे. आपत्तीविषयीचे ज्ञान एकाच शहरात इतके एकवटल्याची उदाहरणे देशात फार नसतील. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयाचे मूळ रूप असलेली आपत्कालीन मदतकार्याची प्रशिक्षण संस्था येथे १९५७ साली स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी उभी राहिली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय येथेच आहे. 'नीरी' ही पर्यावरण अभियांत्रिकीची संस्था १९५८ पासून येथे काम करीत आहे. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र, उपग्रहांच्या छायाचित्रांचा अभ्यास करणारे राज्याचे सुदूर संवेदन केंद्र, राष्ट्रीय दर्जाचे अभियांत्रिकी महाविद्यालय, हे सारे या शहरात आहे.

आणि याच शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे लोकांच्या घरांत पाणी शिरले. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. शहराच्या पश्चिमेचा अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. नाग नदीने आपले पात्र सोडले. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर, सीताबर्डी या भागांत झोपेतली माणसे पाण्याने उठवली. मोरभवनचे बसस्थानक पाण्याखाली गेले. शंकरनगर भागातील मूकबधिर मुलांच्या शाळेतून मुलांना बाहेर काढावे लागले. किमान चार जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचा सरकारी अंदाज होता.

त्या पहाटे राज्याची व केंद्राची आपत्ती प्रतिसाद दले आणि लष्कराचे जवान धावून आले व त्यांनी अनेकांना सुखरूप बाहेर काढले. ही बाजू मान्य करायलाच हवी. आराखड्यातला चौथ्या क्रमांकाचा भाग, म्हणजे प्रतिसाद, तेथे बऱ्याच अंशी पार पडला. प्रश्न आहे तो पहिल्या दोन क्रमांकांचा.

तीन साधी गणिते

'पाऊसच असाधारण होता' असे अशा वेळी सांगितले जाते. पाऊस जोराचा होता यात शंका नाही. परंतु पुढील तीन गणिते नववी-दहावीचा विद्यार्थीही करू शकतो, आणि तिन्ही त्या रात्रीच्या आधीच करता येण्याजोगी होती.

पहिले गणित जमिनीचे. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेथे एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दहा हजार टँकर. आता समजा, याच एका चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडतो आहे. जमीन मातीची, गवताची असेल आणि त्यातले ३० टक्के पाणी वाहून नाल्यात येत असेल, तर नाल्यात दर सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर पाणी येईल. तीच जमीन इमारती, डांबर आणि फरशी यांनी झाकली गेली व ८० टक्के पाणी वाहून येऊ लागले, तर हा आकडा ११.१ घनमीटर होईल. आकाशातून पडणारा पाऊस तोच. नाल्यातले पाणी अडीचपटीहून अधिक. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून ते लवकर पोहोचते, त्यामुळे सावध व्हायला मिळणारा वेळही कमी होतो. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांतून येते, आणि त्याच दिशेला गेल्या काही दशकांत वस्ती व कारखाने वाढत गेले आहेत.

दुसरे गणित सांडव्याचे. अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देणे धोक्याचे असते, म्हणून जादा पाणी जाण्यासाठी बाजूला सांडवा ठेवतात. त्यावर दरवाजे नसले तर पाणी काठाला लागताच आपोआप वाहू लागते. सांडव्यावरून जाणारा विसर्ग हा त्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. सांडव्यावर २० सेंटिमीटर पाणी असताना जो विसर्ग असेल, तो ४० सेंटिमीटरला दुप्पट होत नाही, २.८ पट होतो. म्हणून खालच्या वस्तीत राहणाऱ्याला पूर 'एकदम' आला असे वाटते. ते वाटणे खोटे नसते. त्यामागे घातांकाचा नियम असतो.

आता या सांडव्याच्या पुढची वाट मोकळी असणे किती महत्त्वाचे, हे निराळे सांगायला नको. अंबाझरीच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले गेले होते. पुरानंतर रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका केली, त्यात या स्मारकाचाही प्रश्न उपस्थित झाला. विवेकानंदांच्या स्मारकाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण पाण्याला स्मारक आणि भिंत यांतला फरक कळत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, स्मारकाची जागा ठरवताना सांडव्याच्या विसर्गाचे गणित कोणी मांडले होते काय? आणि मांडले असल्यास ते शहराच्या पूर आराखड्यात कोणत्या पानावर आहे?

तिसरे गणित संभाव्यतेचे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत नेहमी येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा घेतला जातो. एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षे निर्धास्त, असा तो अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षात असा पूर येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. मग तीस वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. याचाच अर्थ, तीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या घराला कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ती निम्म्याहून थोडी अधिक होते. आणि जमिनीचे स्वरूप बदलले की शंभर वर्षांचा पूर पन्नास किंवा पंचवीस वर्षांचा होतो, कारण आता लहान पाऊसही तेवढे पाणी आणू शकतो.

आठवणींचा अभाव

दुर्मीळ घटनांचे नियोजन अवघड असते, कारण मनुष्याची स्मृती अल्प असते. नागपूर जिल्ह्यातच, नरखेड तालुक्यातील मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात २०४ माणसे मृत्युमुखी पडली. आज नागपूर शहरातल्या किती विद्यार्थ्यांना मोवाड ठाऊक आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग भूकंपाच्या प्रचलित नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा पूर्वीच्या नोंदींवर आधारलेला होता आणि ज्याची नोंद नाही ते घडणारच नाही, असे आपण गृहीत धरले होते.

नोंदींसाठी आधी मोजमाप हवे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली शहरी पुरांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावे, अशी शिफारस आहे. नागपूर महानगरपालिकेचे क्षेत्र दोनशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे पन्नासच्या वर पर्जन्यमापके हवीत. ही चैन नव्हे. मोठ्या पावसाचा ढग शहराच्या एका टोकाला कोसळत असताना दुसऱ्या टोकाला रिमझिम असू शकते. विमानतळावर किती पाऊस झाला यावरून अंबाझरीच्या पाणलोट क्षेत्रातले पाणी कळत नाही.

धोका कोणत्या फायलीत तयार होतो?

आमच्या मते खरी अडचण येथे आहे. 'आपत्ती' नावाची फाईल एका कार्यालयात असते आणि आपत्ती घडवणारे निर्णय दुसऱ्याच फायलींत होत असतात. नाल्याची रुंदी कमी करणारी संरक्षक भिंत, नाल्यावर टाकलेला स्लॅब, पूररेषेतील ले-आउटची मंजुरी, पाणलोट क्षेत्रातील बांधकामाचा परवाना, यांतली कोणतीही फाईल आपत्ती विभागाकडे 'या निर्णयाने पाण्याची पातळी किती वाढेल?' असे विचारायला सहसा जात नाही. वर्षानुवर्षे धोका थोडा थोडा साठत जातो. मग एका पहाटे बोटीवाल्यांना बोलावले जाते आणि तो सगळा साठा त्यांनी एका रात्रीत उपसावा अशी अपेक्षा केली जाते.

'हे सगळे लिहायला सोपे. गरीब देशात एवढी तयारी कशी परवडणार?' असा आक्षेप येईल. त्याला आपल्याच देशाचे उत्तर आहे. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे तितक्याच भीतीचे वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत ओडिशा श्रीमंत झाला नव्हता. तेथे निवारे बांधले गेले, गावपातळीवर सराव झाले, आणि कोणत्या इशाऱ्याला कोणी घर सोडायचे हे ठरवले गेले.

नागपूरनेही एका बाबतीत असे करून दाखवले आहे. उष्णतेच्या लाटांसाठी अहमदाबादने २०१३ साली कृती आराखडा केला आणि २०१६ मध्ये नागपूर व परिसरातील शहरांनी तोच मार्ग धरला. अशा आराखड्यांचा गुण साधा आहे. त्यांत तापमानाचे आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याला कृती जोडलेली असते. अहमदाबादेत ४५ अंशांचा अंदाज आला की तांबडा इशारा, आणि मग रुग्णालयांनी काय करायचे, मजुरांचे काम कोणत्या वेळी थांबवायचे, हे लिहिलेले. जे पाऱ्याच्या बाबतीत जमते ते पाण्याच्या पातळीच्या बाबतीत का जमू नये?

कायदाही आता एक पाऊल पुढे गेला आहे. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली असून आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. बांधकामाची परवानगी आणि आपत्तीचा विचार या दोन फायली एकाच टेबलावर येण्याची ही संधी आहे. मात्र आणखी एक समिती आणि आणखी एक यादी एवढ्यावरच ती संपू शकते, हा इतिहास विसरून चालणार नाही. २००५ च्या कायद्याने सांगितलेला राष्ट्रीय आराखडाच मुळी २०१६ साली प्रसिद्ध झाला होता.

शिक्षकांसाठी पाच प्रश्न

तुमच्या जिल्ह्याचा, शहराचा किंवा शाळेचा आराखडा हाती आला तर पाच प्रश्न विचारावेत. पहिला, पाण्याची कोणती पातळी आली की कृती सुरू होते, आणि ती पातळी दाखवणारी मोजपट्टी कोठे उभी आहे? दुसरा, रात्री दोन वाजता ती पट्टी पाहण्याचे काम कोणाचे? पदनाम पुरेसे नाही; त्या रात्री पाळीवर असलेली व्यक्ती कोण? तिसरा, त्या पातळीनंतर पाणी कोणत्या घरापर्यंत किती मिनिटांत पोहोचते, याचा नकाशा आहे काय? चौथा, इशारा कोणाला कळणार नाही? भोंगा मूकबधिर मुलांना ऐकू येत नाही. अंथरुणाला खिळलेला वृद्ध, तळघरात राहणारा भाडेकरू, काल गावात आलेला मजूर यांना मोबाइलवरच्या संदेशाचा उपयोग होईलच असे नाही. पाचवा, शेवटचा सराव कधी झाला, आणि त्यात काय फसले? ज्या सरावात काहीच फसले नाही, तो सराव झालाच नाही असे खुशाल समजावे.

वर्गात करण्याजोगी कामेही आहेत. दोन सारखे ट्रे घ्यावेत, एकात माती व गवत, दुसऱ्यात फरशीचा तुकडा. दोन्हींना सारखा उतार देऊन झारीने एकेक लिटर पाणी ओतावे आणि खाली किती पाणी, किती सेकंदांत आले ते मोजावे. वर दिलेले पहिले गणित मुलांच्या डोळ्यांसमोर घडेल. मोठ्या विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांना भेटून जुन्या पुराचे पाणी कोठपर्यंत आले होते ते विचारावे, आणि गवंडी समपातळी पाहायला वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने ती खूण शाळेच्या भिंतीवर आणावी. खुणेशेजारी वर्ष लिहावे. मोवाडसारख्या गावाची आठवण टिकवायची ती अशाच खुणांनी.

आणखी एक काम आहे आणि त्याला फक्त मोजपट्टी लागते. जिल्हा आराखड्याचे पुनरावलोकन दरवर्षी व्हायचे आहे, असे कायदा सांगतो. पावसाळ्यापूर्वी एखाद्या वर्गाने आपल्या गावच्या नाल्याची रुंदी तीन ठिकाणी मोजावी, पुलाखाली, वस्तीजवळ आणि वस्तीच्या खाली, आणि ते आकडे शाळेच्या पत्राने जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावेत. मग त्या वर्षीच्या आराखड्यात निदान तीन आकडे पाण्याचे असतील.